लायसन्स जुळत नाहीत म्हणून डिलिव्हरी अडली आहे? या क्रमाने तपासा

कुडाळपासून चिपळूणपर्यंत आमच्यासारख्या दोन-चार जणांच्या सॉफ्टवेअर फर्म आहेत. कुणी बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांचा आणि ऑर्डरींचा हिशेब ठेवणारं ॲप करतं, कुणी पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतं, कुणी मालवण-तारकर्लीच्या होमस्टेंचं बुकिंग. सगळं सुरळीत चालू असतं. मग एखादं गिऱ्हाईक मुंबईचं किंवा परदेशातलं मिळतं, त्यांची माणसं आपला कोड स्कॅनरमधून, म्हणजे आपण आत वापरलेल्या इतरांच्या कोडची लायसन्सं शोधणाऱ्या टूलमधून, काढतात, अहवालावर ‘लायसन्स कॉन्फ्लिक्ट’ (त्या कोडच्या वापराच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत) असं लिहून येतं आणि शेवटचा हप्ता अडकतो. हा एकच बिघाड मी इतक्यांसाठी निस्तरलाय की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकून पुढचं कळतं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. मी प्रोग्रामर आहे, वकील नाही. वकील कुठे लागतो तेही खाली सांगितलंय.

लक्षणं

– स्कॅनरच्या अहवालात ‘जीपीएल २.० ओन्ली’ आणि ‘अपाची २.०’ ही दोन ओपन सोर्स लायसन्सं शेजारीशेजारी, आणि पुढे लाल खूण.
– एखाद्या पॅकेजसमोर लायसन्सच्या रकान्यात ‘अननोन’, किंवा रकानाच रिकामा.
– गिऱ्हाइकाच्या करारात ‘एजीपीएल (जीपीएलचाच, जास्त कडक प्रकार) चालणार नाही’ असं कलम, आणि आपली पावती बनवणारी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, नेमकी एजीपीएल.
– लायब्ररीची आवृत्ती वाढवली, स्वतःच्या कोडची एक ओळही बदलली नाही, तरी कालचा हिरवा अहवाल आज लाल.
– अनोळखी माणसाचा सभ्य मेल: ‘तुमच्या ॲपमध्ये माझा कोड दिसतो. सोर्स कुठे मिळेल?’

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ ‘इथे हात थांबवा’ या भागाकडे जा.

बिघाड कशाचा असतो

एका प्रॉडक्टमध्ये दहा जणांचा कोड असला की ते बाहेर देताना दहाही जणांच्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. ज्याने सामाईक जमिनीचा सातबारा पाहिलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. नावं वीस, त्यातली निम्मी मुंबईला, आणि एकाची सही नसली तर अख्ख्या तुकड्याचं खरेदीखत अडतं. बाकीचे एकोणीस कितीही राजी असोत.

इथे अडणारी सही बहुतेक वेळा जीपीएलच्या एका वाक्याची असते. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची. ती सांगते की हा कोड पुढे देताना माझ्या अटींपेक्षा जास्तीची अट घालायची नाही. अपाची २.० आली २००४ मध्ये. तिच्यात पेटंटबद्दल एक अट आहे: या कोडवरून तुम्ही पेटंटचा दावा ठोकलात तर तुम्हाला मिळालेला पेटंटचा हक्क संपतो. अट वाजवीच आहे, पण १९९१ च्या मजकुरात ती नाही, म्हणून ती ‘जास्तीची’ ठरते. दोन्ही लायसन्स स्वतंत्रपणे चांगली आहेत. एका बायनरीत (कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये) घालून कुणाला दिली की मात्र दोन्हींच्या अटी एकत्र पाळता येत नाहीत.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण त्यापायी लोक घाबरून भलतंच करतात. जीपीएलची लायब्ररी वापरली म्हणून आपला कोड आपोआप जीपीएल होत नाही. अटी पाळल्या नाहीत तर ती लायब्ररी पुढे देण्याचा आपला हक्क जातो, आणि मग प्रश्न कॉपीराइट भंगाचा होतो. यातून सुटायचे मुख्य मार्ग दोन: अटी पाळा, नाहीतर ती लायब्ररी काढा. आपला कोड कुणी जप्त करून नेत नाही.

पहिली तपासणी: आपण नक्की काय, कुणाला देतोय?

याला ना पैसे लागतात ना टूल. कागद घ्या आणि आपल्या हातून बाहेर जाणाऱ्या वस्तू लिहा. अँड्रॉइडचं एपीके. पतसंस्थेच्या संगणकावर बसवायचं इन्स्टॉलर. गिऱ्हाइकाला दिलेला सोर्स. वेबसाइट उघडली की ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट. ही शेवटची वस्तू बहुतेकांच्या यादीत नसते. ‘आमचं सगळं सर्व्हरवर आहे’ असं सांगणाऱ्याचीही शे-दोनशे पॅकेजं बंडल होऊन रोज लोकांच्या फोनमध्ये उतरत असतात, आणि तेही देणंच झालं.

हे आधी का पाहायचं? कारण जीपीएलच्या अटी प्रत दुसऱ्याच्या हातात गेल्यावर लागू होतात. फक्त आपल्या सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये जीपीएल आणि अपाची एकत्र नांदले तरी जोवर प्रत बाहेर जात नाही तोवर कुणाची अट मोडत नाही. स्कॅनरला हा फरक कळत नाही. तो सरसकट लाल दाखवतो.

याला अपवाद एजीपीएलचा. २००७ मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या या लायसन्सचं १३ वं कलम सर्व्हरवाल्यांसाठीच लिहिलेलं आहे: कोडमध्ये बदल करून तो नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात तर त्या लोकांना सोर्स मिळण्याची सोय करा. कलमात ‘बदल केला असेल तर’ असं स्पष्ट म्हटलंय. पण ‘आम्ही बदल केलेला नाही, फक्त आपल्या कोडला जोडलाय’ असं म्हणताना जोडणं कुठे संपतं आणि बदल कुठे सुरू होतो यावर मतं फाटतात. त्या वादात मी पडत नाही, तुम्हीही पडू नका. एजीपीएल दिसलं की चौथ्या तपासणीकडे जा.

गिऱ्हाइकाला सोर्स दिला म्हणजे तो जगजाहीर करावा लागतो, असंही नाही. ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स मिळाला पाहिजे, एवढीच जीपीएलची अपेक्षा. देवगडच्या एका बागायतदाराला ॲप आणि त्याचा संपूर्ण सोर्स जीपीएलखाली दिलात की तुमची बाजू पूर्ण झाली. तो पुढे कुणाला देईल की नाही, ही त्याची मर्जी. काही वेळा फोन इथेच संपतो, कारण करारात सोर्स द्यायचं आधीच ठरलेलं असतं.

दुसरी तपासणी: लायसन्सचं पूर्ण नाव, आवृत्तीसकट

‘जीपीएल आहे’ असं कुणी सांगितलं तर ती अर्धीच माहिती आहे. दुसरी की तिसरी? ‘फक्त दुसरी’ की ‘दुसरी किंवा त्यानंतरची’? एवढ्या फरकावर सगळं फिरतं. तिसरी आवृत्ती, म्हणजे २००७ ची, लिहितानाच अपाची २.० शी जमेल अशी लिहिली गेली. त्यामुळे लायब्ररीवर ‘दुसरी किंवा त्यानंतरची’ असं असेल तर आपण तिसरी निवडायची, अपाचीचा कोड तिच्यात घ्यायचा, आणि एकत्रित वस्तू जीपीएल तीनखाली द्यायची. विषय संपला. ‘फक्त दुसरी’ असेल, लिनक्स कर्नलसारखी, तर ही वाट बंद. गंमत म्हणजे ‘फक्त दुसरी’ आणि ‘तिसरी’ ही दोन जीपीएलसुद्धा आपापसात जुळत नाहीत.

पाहायचं कुठे? रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) मुळाशी असलेली लायसन्सची फाइल पुरेशी नाही. तिथे जीपीएल दोनचा मजकूर असतो, पण ‘त्यानंतरची’ हे शब्द सोर्स फाइलींच्या डोक्यावरच्या टिपणीत असतात. चार-पाच फाइली उघडा. नव्या प्रकल्पांत एसपीडीएक्सची (लायसन्सची नावं ठरावीक पद्धतीने लिहायच्या मानकाची) एक ओळ असते, तिच्यात ‘ओन्ली’ की ‘ऑर लेटर’ ते स्पष्ट लिहिलेलं असतं. जुन्या प्रकल्पांत स्कॅनर बऱ्याचदा फक्त मुळाची फाइल वाचतो आणि स्वतःच ‘ओन्ली’ ठरवून मोकळा होतो. माझ्याकडे आलेली बरीचशी लाल अक्षरं अशी होती. अहवाल पाठवणाऱ्याला फाइलीतली ओळ दाखवली की ते मान्य करतात.

दोन लायसन्सच्या मधला शब्दही वाचा. ‘एमआयटी ऑर जीपीएल’ (एमआयटी हे मोजक्याच अटींचं लायसन्स) म्हणजे हवं ते निवडा. ‘एमआयटी अँड जीपीएल’ म्हणजे दोन्ही पाळा.

आणि दिशा लक्षात ठेवा, जुळणं एकतर्फी असतं. एमआयटी, तीन कलमांची बीएसडी किंवा अपाचीचा कोड जीपीएल तीनच्या प्रकल्पात जातो. जीपीएलचा कोड उचलून अपाचीच्या प्रकल्पात टाकला आणि वर अपाचीचीच पाटी ठेवली, हे चालत नाही. एमपीएल २.०, २०१२ ची, मधली आहे: तिची अट फाइलीपुरती असते, आणि जीपीएलशी जमवून घेण्याची तरतूद तिच्यातच आहे. मात्र लेखकाने ‘सेकंडरी लायसन्सशी विसंगत’ अशी सूचना जोडली असेल तर ती तरतूद बाद होते. ती सूचना शोधून पाहा. क्वचित सापडते, पण सापडते.

तिसरी तपासणी: ती वस्तू खरंच प्रॉडक्टमध्ये आहे का?

यादी काढा. पायथॉनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर, संपूर्ण कोडसाठी स्कॅनकोड. सगळी फुकट. पण आपल्या रोजच्या मशिनवर चालवलंत तर कधीकाळी प्रयोगासाठी टाकलेली पॅकेजंही यादीत येतील. नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, फक्त प्रॉडक्टच्या डिपेंडन्सी बसवा, मग यादी काढा. नोडमध्ये ‘प्रॉडक्शन’चा पर्याय द्यायला विसरू नका.

याने बराच कचरा गळतो. टेस्ट चालवणारं टूल, कोड नीट मांडणारं टूल, कंपायलर यांचं लायसन्स आपल्या प्रॉडक्टला चिकटत नाही. जीसीसी स्वतः जीपीएल आहे, पण त्याने कंपाइल केलेला प्रोग्राम जीपीएल व्हावा असा कुणाचाच हेतू नाही. त्याचा जो थोडा रनटाइम कोड आपल्या बायनरीत जातो त्यासाठी वेगळी सूट लिहून ठेवलेली आहे. ओपनजेडीकेलाही तशीच ‘क्लासपाथ’ सूट आहे, म्हणून जावाच्या वर आपलं बंद प्रॉडक्ट चालवता येतं. ‘जीपीएल विथ एक्सेप्शन’ असं दिसलं की लाल रंगाला न भिता ती सूट वाचा. छोटीच असते.

फॉन्टबद्दल विचारतात म्हणून सांगतो. मुक्ता, बालू यांसारखे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. सॉफ्टवेअरबरोबर द्यायला हरकत नाही, आणि त्यात छापलेल्या पावतीवर कसलीही अट येत नाही. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि लायसन्सची फाइल सोबत ठेवायची, इतकंच.

‘अननोन’ दिसलं तर

हा प्रकार वरकरणी किरकोळ वाटतो, पण मला सगळ्यात जास्त नको असतो. रेपोवर लायसन्सच नसेल तर ‘फुकट आहे’ असा अर्थ होत नाही, ‘कुणालाच परवानगी नाही’ असा होतो. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि संगणक प्रोग्राम त्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो. लेखकाने काही लिहून दिलेलं नसेल तर हक्क त्याचेच. आमच्याकडे अशी फाइल काढायला सांगितली की पोरं म्हणतात, ‘चलता हा मा, मगे कित्याक हात लावतंस?’ चालतंय हे खरं. ते आपलं आहे का, एवढाच प्रश्न आहे.

लेखकाला रेपोवरच दोन ओळी लिहून विचारा. बरेच जण दोन दिवसांत एमआयटीची फाइल टाकून देतात, कारण ते विसरलेले असतात. उत्तर आलं नाही तर तेवढा भाग न पाहता नव्याने लिहा.

स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेला तुकडा क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए खाली असतो, आणि त्याची कितवी आवृत्ती ते उत्तराच्या तारखेवर अवलंबून असतं. २०१८ च्या मे महिन्यापासूनचं लेखन ४.० खाली. ४.० चा मजकूर जीपीएल तीनमध्ये एकतर्फी नेता येतो, ही सोय २०१५ पासून आहे. आधीच्या ३.० ला ती सोय नाही, आणि बंद प्रॉडक्टमध्ये दोन्ही अडचणीचीच. दोन-तीन ओळींसाठी डोकं खाऊ नका. चाळीस ओळींचं अख्खं फंक्शन जसंच्या तसं असेल तर ते बदला.

‘हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही’ अशी ओळ असलेलं जेसन लायसन्स जावाच्या जुन्या प्रकल्पांत अजून सापडतं. वाचून हसू येतं, पण वापरावर बंधन आलं म्हणून जीपीएल लिहिणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्याला मुक्त मानत नाही. बदलून टाका, पर्याय भरपूर आहेत.

चौथी तपासणी: लायब्ररीच बदलता येते का?

इथून पुढे वेळ खर्च होतो. तरी माझं ठाम मत आहे की कायद्याचा कीस पाडण्यापेक्षा लायब्ररी बदलणं स्वस्त पडतं. वाद जिंकलात तरी गिऱ्हाइकाच्या अहवालातली लाल ओळ तशीच राहते. लायब्ररी बदलली की ओळच जाते.

आमच्या भागात पहिला मान पीडीएफचा. पावत्या, पेट्यांची बिलं, मासळीच्या लिलावाची पट्टी, सगळ्यांना पीडीएफ लागते, आणि जावावाला आयटेक्स्ट घेतो. आयटेक्स्टच्या जुन्या आवृत्त्या एलजीपीएल (जीपीएलचाच, लायब्ररींसाठी सैल केलेला प्रकार) आणि एमपीएलखाली होत्या. २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून ती एजीपीएल झाली, आणि ज्याला एजीपीएल नको त्याला विकतचं लायसन्स. जुनं ट्यूटोरियल पाहून सुरुवात करायची, मग कुणीतरी ‘अपडेट करा’ म्हणतं, पॅकेजचं नाव ‘लोवागी’वरून ‘आयटेक्स्टपीडीएफ’ होतं, आणि त्या एका कमिटमध्ये लायसन्स बदलतं. वर लिहिलेल्या चौथ्या लक्षणामागे बरेचदा हेच असतं. पर्याय म्हणजे ओपनपीडीएफ. जुन्या कोडपासून वेगळा काढलेला हा प्रकल्प एलजीपीएल आणि एमपीएलखाली आहे, आणि क्लासांची नावं ओळखीची असल्यामुळे बदल सोपा जातो. बदलल्यावर मात्र मराठी पावती छापून पाहिल्याशिवाय सोडू नका. ‘रत्नागिरी’तला त्न फुटलाय का, वेलांटी जागच्या जागी आहे का, ते डोळ्यांनी पाहा. इंग्रजी पावती ठीक आली म्हणून पाठवून देणारे पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करतात.

घोस्टस्क्रिप्ट आणि म्यूपीडीएफ हेही एजीपीएलच. पायमूपीडीएफ घेताना हे कुणी पाहत नाही.

पतसंस्थेच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये मायएसक्यूएलचा जावा कनेक्टर इन्स्टॉलरमध्ये जातो. तो जीपीएल दोन आहे. ओपन सोर्स प्रकल्पांना त्यात सूट आहे, बंद प्रॉडक्टला नाही. मारियाडीबीचा कनेक्टर एलजीपीएल आहे, तो लावा आणि आपल्या सर्व्हरशी नीट बोलतो का ते तपासा. पायक्यूट जीपीएल तीन किंवा विकतचं, त्याऐवजी पायसाइड एलजीपीएलमध्ये मिळतं.

गेल्या काही हंगामांत नवा पाहुणा आलाय: कॅमेऱ्याने आंब्याची प्रतवारी. यूट्यूबवर पाहून सगळे अल्ट्रालिटिक्सचं योलो, हे चित्रातल्या वस्तू ओळखणारं सॉफ्टवेअर, घेतात. ते एजीपीएल तीन किंवा विकतच्या लायसन्सखाली आहे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मॉडेललाही तेच लागू. डेमोपर्यंत काही अडत नाही. पॅकिंग हाउसला यंत्रासकट विकायचं ठरलं की अडतं. योलोएक्स अपाची २.० खाली आहे. अचूकता जरा मागेपुढे होईल, आणि मॉडेलला प्रशिक्षण पुन्हा द्यावं लागेल. म्हणून हा निर्णय फोटो गोळा करायला लागतानाच घ्या, पेट्या भरायला लागल्यावर नव्हे.

कधी लायब्ररी तीच ठेवून बिल्ड बदलली तरी भागतं. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं एफएफएमपेग मुळात एलजीपीएल आहे. बिल्ड करताना ‘एनेबल-जीपीएल’ हा पर्याय दिला की जीपीएल होतो, आणि ‘एनेबल-नॉनफ्री’ दिला की ती बायनरी कुणाला देताच येत नाही. नेटवरून उतरवलेल्या तयार बिल्डला ‘व्हर्जन’ विचारा, कोणते पर्याय दिले होते ते ती स्वतःच छापते.

एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल, तिच्याबद्दल सावध. तिचं जुनं लायसन्स जाहिरातीच्या अटीमुळे जीपीएलशी जुळत नसे. २०२१ मध्ये आलेली ३.० आवृत्ती अपाची २.० झाली, त्यामुळे जीपीएल तीनवाले सुटले. ‘फक्त दुसरी’वाले तिथेच अडकून आहेत, नुसतं कारण बदललंय.

पाचवी: वेगळं करून ठेवणं

लायब्ररी बदलता आली नाही तर तिला वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवता येतं का ते पाहा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत असं की एकाच प्रोसेसमध्ये लिंक केलेले तुकडे हा एक प्रोग्राम, आणि कमांड लाइन, पाइप किंवा सॉकेटवरून बोलणारे सहसा दोन वेगळे प्रोग्राम. ‘सहसा’ या शब्दावर भर द्या. दोन्ही बाजू एकमेकांच्या पोटातल्या रचना देत-घेत असतील तर मधे पाइप टाकल्याने काही बदलत नाही. लायसन्स चुकवण्यासाठी केलेली वाटणी वाचणाऱ्याला लगेच कळते. मुळात स्वतंत्र असलेलं टूल आपण फक्त हाक मारून वापरतो, अशी स्थिती असेल तरच हा मार्ग प्रामाणिक.

एलजीपीएलसाठी वेगळी गोष्ट. डायनॅमिक लिंक करा, लायसन्सची प्रत द्या, आणि वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून नवी बसवता येईल असं ठेवा. स्टॅटिक लिंक केलंत तर पुन्हा लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात, आणि ते कुणीच करत नाही.

सहावी, सगळ्यात जड: आपलंच लायसन्स बदलणं किंवा सूट विकत घेणं

आपला कोड जीपीएल तीन केला की अपाची, एमआयटी, ‘दुसरी किंवा त्यानंतरची’ सगळं एकत्र बसतं. गिऱ्हाईक तयार असेल तर हा सरळ मार्ग आहे. फक्त तो कोड पूर्णपणे आपला हवा, आणि इथे वरचा सातबारा पुन्हा पुढे येतो. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पण मे महिन्याच्या सुट्टीत येऊन मॉड्यूल लिहून गेलेला कॉलेजचा पोरगा नोकर नव्हता. फ्रीलान्सरही नसतो. त्यांचा कोड आपल्या नावावर करायला सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी गिऱ्हाइकाला प्रॉडक्ट देणाऱ्याने हे दोन मुद्दे आपल्या जुन्या कागदांत आजच पाहावेत.

विकतचं लायसन्स घ्यायला मी नाही म्हणत नाही. किंमत मागवा आणि चौथ्या तपासणीतल्या मेहनतीशी ताडून पाहा. भाव फक्त शेवटच्या आठवड्यात विचारू नका.

इथे हात थांबवा

पुढच्या गोष्टींत मी स्वतः काही करत नाही, आयटी आणि कॉपीराइट पाहणाऱ्या वकिलाकडे पाठवतो.

कॉपीराइटधारकाचा मेल किंवा नोटीस आली असेल तर. उत्तर देऊ नका, पण दुर्लक्षही करू नका, कारण घड्याळ सुरू झालेलं असतं. जीपीएल तीनमध्ये पहिल्याच नोटिशीनंतर ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर हक्क कायमचे परत मिळण्याची तरतूद आहे. जीपीएल दोनमध्ये अशी सवलत लिहिलेली नाही, तिथे भंग झाला की हक्क संपतो. आवृत्ती कोणती ते त्याच दिवशी काढा आणि ती बिल्ड बाहेर देणं थांबवा. रेपोतून काही पुसू नका.

करारात ‘आमच्या कोडमध्ये कुणाच्याही हक्काचा भंग नाही, झाल्यास सगळी नुकसानभरपाई आम्ही देऊ’ असं कलम असेल तर. स्कॅनरचा हिरवा अहवाल दाखवून त्यावर सही करू नका.

फर्म विकायची किंवा भागीदार घ्यायचा असेल तर. कर्नलमध्ये जाणारं मॉड्यूल असेल तर. लिनक्सबरोबर झेडएफएस ही फाइल सिस्टिम देता येते की नाही, यावर उबंटूने २०१६ मध्ये ती दिली तेव्हा जाणत्या वकिलांचीच मतं दुभंगली होती. तिथे तुम्ही-मी काय ठरवणार? बोटीवर किंवा पॅकिंग हाउसमध्ये बसणाऱ्या उपकरणात जीपीएल तीनचा कोड असेल आणि फर्मवेअर कुलूपबंद असेल तर. एसएसपीएलसारखी, ओपन सोर्स इनिशिएटिव्हने न मानलेली लायसन्सं करारात आली तर.

जिल्ह्याच्या ठिकाणचे वकील जमिनीच्या दाव्यांत तरबेज, हा विषय त्यांच्याकडे क्वचित येतो. मुंबई-पुण्याचे वकील व्हिडिओ कॉलवर बोलतात. पहिल्याच मेलमध्ये चार गोष्टी जोडा: लायब्ररींची आवृत्तीसकट यादी, कोणती कशी जोडली आहे त्याचं साधं चित्र, कोणती बिल्ड कुणाला कोणत्या तारखेला दिली ते, आणि कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाशी झालेला कागद, जिथे कागद नाही तिथे ‘नाही’ असं लिहून.